प्राणी आधीच पकडून ठेवले होते

पुण्यात जपानी शिकत होते तेव्हापासून मला जपानी टीव्हीवरच्या प्रवासाच्या कार्यक्रमांचं वेड आहे. भाषा अर्धीच कळायची तरी तासन्‌तास बघत बसायचे, आणि खरं सांगते, भूगोल मी शाळेपेक्षा तिथेच जास्त शिकले. म्हणूनच अशा कार्यक्रमांत मुद्दाम घडवलेलं दृश्य खरं म्हणून दाखवलं की ते मनाला लागतं.

जपानीत शब्द आहे यारासे, म्हणजे 'करायला लावलेलं'. कॅमेऱ्यासमोर घडवून आणायचं आणि आपोआप घडलं असं दाखवायचं. ऑगस्ट २०१९ मध्ये टीबीएस या जपानी चॅनलच्या 'क्रेझी जर्नी' या प्रवासाच्या कार्यक्रमात मेक्सिकोमध्ये सरपटणारे प्राणी शोधायचा एपिसोड होता. शोधता शोधता सहा प्रकारचे प्राणी सापडले असं दाखवलं, त्यातले चार स्थानिक लोकांनी आधीच पकडून ठेवलेले निघाले! चॅनलने चूक मान्य केली, कार्यक्रम बंद झाला (नंतर परत आला).

यावर हमखास कोणीतरी म्हणतं, त्यात काय एवढं, प्राणी तर खरेच होते ना?

पावसाळ्यात आंबोलीला रात्री बेडूक बघायला गेला असाल तर कळेल. मागच्या वर्षी लेकाला घेऊन गेले होते, आंबोली टोड बघायचा होता, जो त्याच भागात सापडतो. टॉर्च, रेनकोट, पायाला जळवा, आणि पहिल्या रात्री काहीच नाही. दुसऱ्या रात्री सड्यावर एका डबक्याच्या कडेला बसलेला दिसला, अंगठ्याच्या पेराएवढा. आता हाच कोणी डबीतून आणून तिथे ठेवला असता तर लेकाला टोड दिसला असता हो, पण तो कुठे बसतो, केवढ्या पावसात बाहेर येतो, किती दुर्मिळ आहे, हे सगळं खोटंच शिकला असता.

एनएचके या जपानच्या सार्वजनिक वाहिनीच्या १९९२ मधल्या मुस्तांगवरच्या माहितीपटाचं प्रकरण तर मला अजून पचत नाही. नेपाळमधलं मुस्तांग त्याच वर्षी परदेशी लोकांसाठी उघडलं होतं, नुसता कॅमेरा लावून बसला असता तरी लोक बघत राहिले असते. तरी टीममधल्या माणसाने उंचीमुळे आजारी पडल्याचं नाटक केलं, डोंगरावरून वाळूसुद्धा मुद्दाम घसरवली. फेब्रुवारी १९९३ मध्ये आसाही शिंबुन या वर्तमानपत्राने हे बाहेर काढलं आणि एनएचकेच्या अध्यक्षांना टीव्हीवर माफी मागावी लागली. म्हणजे मुस्तांगमधली खरी माणसं, त्यांचं रोजचं जगणं, हे यांना पुरेसं वाटलं नाही?

आणि याच जपानमध्ये कानेताका काओरू होत्या. वडील भारतीय, आई जपानी. १९५९ ते १९९० त्यांचा प्रवासाचा कार्यक्रम चालला, दीडशेच्या आसपास देश, दिग्दर्शन त्यांचं, निवेदनही त्यांचंच. सुरुवातीला, ज्या काळात सामान्य जपानी माणसाला परदेशी जाताच येत नव्हतं त्या काळात या बाईंनी घराघरात जग आणून दाखवलं.

माझं मागणं फार नाहीये. प्राणी आधी पकडून आणला असेल तर स्क्रीनवर तसं लिहा, आणि तीन दिवस शोधून काही मिळालं नाही तर ते तीन दिवस दाखवा, मी बघेन. लेकाच्या वहीत आंबोलीच्या पहिल्या रात्रीची नोंद आहे: "टोड नाही. पाऊस ९.४० ला थांबला. वारा खूप."