‘बटणं दाबणाऱ्यांनी लिहू नये’: एका प्रतिक्रियेला उत्तर

मेंदूच्या भागांच्या आपसातल्या जाळ्यावरच्या माझ्या लेखाखाली आपण लिहिलेली प्रतिक्रिया काल रात्री वाचली, सकाळी पुन्हा वाचली. इतरांसाठी थोडक्यात सांगतो. आपलं म्हणणं असं, की मेंदूचे दोन भाग ‘एकमेकांशी बोलतात’ हे मी चुकीचं लिहिलं. सकाळी नऊला ठाणे आणि बोरिवली दोन्हीकडे गर्दी वाढते, म्हणून ती स्टेशनं आपसात बोलतात का, असं आपण विचारलंत. शिवाय डोकं जरा हललं तरी एफएमआरआयचे (रक्तातल्या बदलांवरून मेंदूचं काम टिपणाऱ्या स्कॅनचे) निष्कर्ष बिघडतात आणि मेंदूत बसवायच्या मऊ इलेक्ट्रोडविषयी मी भाबडी आशा दाखवली. शेवटचं वाक्य होतं: ‘मशीनची बटणं दाबणाऱ्यांनी संशोधनावर लिहू नये.’

एक चूक मान्य. स्वस्थ पडलेल्या माणसाच्या मेंदूतले दूरचे भागही जुळून चालतात असं दाखवणारा भरत बिस्वाल यांचा निबंध १९९५ चा, मी १९९६ लिहिलं होतं. दुरुस्त केलं आहे, आभार.

आता बटणांबद्दल. परळच्या एका रुग्णालयात मी एकोणीस वर्षं एमआरआय टेक्निशियन होतो. बटण दाबण्याआधी काय असतं, कल्पना आहे आपल्याला? मंगळसूत्र उतरवायला तयार नसलेल्या आजींना पंधरा मिनिटं समजवायचं. नळीत गेल्याबरोबर घाबरून बेल दाबणाऱ्या माणसाला बाहेर काढायचं, पाणी द्यायचं, पुन्हा आत न्यायचं. डोक्याच्या दोन्ही बाजूंना स्पंज लावून ‘काका, गिळूसुद्धा नका’ म्हणायचं. आणि डोकं हलण्याबद्दल तुम्ही मला शिकवणार?

वडिलांना पक्षाघात झाला तेव्हा त्यांचा स्कॅन मीच केला. डाग चिंचोक्याएवढा, तोही एकाच बाजूला. पण बिघडलं किती तरी! हात गेला, शब्द सापडेनात, चिडचिड वाढली. एवढ्याशा डागाने इतकं कसं, असं आई विचारत राहिली. मराठीत तिला वाचायला देण्यासारखं मला काही सापडलं नाही. ‘दूरच्या भागांचं आपसातलं बोलणं बिघडलंय’ असं सांगितलं, तेव्हा तिला कळलं. तो शब्द मी तिथून उचललाय आणि तो बदलणार नाही.

बिस्वाल यांचंच पाहा. माणसं स्वस्थ पडून होती, बोटही हलवत नव्हती. तरी डाव्या आणि उजव्या हाताच्या हालचाली सांभाळणाऱ्या भागांतले एफएमआरआयवर दिसणारे संथ चढउतार जुळले. दहा सेकंदांत एकाहून कमी लाट, इतके संथ. अनेकांनी तो श्वासाचा, नाडीचा गोंगाट मानला. बिस्वाल तेव्हा विद्यार्थी होते. ‘तुझा अधिकार काय’ असं विचारून त्यांना कोणी गप्प बसवलं असतं तर? तुम्ही मला तेच विचारताय.

बाकीच्या मुद्द्यांवर फार लिहीत नाही. डोकं हलण्याच्या दोषावर २०१२ पासून भरपूर काम झालंय. इलेक्ट्रोडमधलं सिलिकॉन मेंदूपेक्षा कितीतरी पटींनी कडक, म्हणून त्याभोवती व्रण धरतो आणि मऊ पॉलिमरचा शोध त्यासाठीच चाललाय; हे लेखात आहे, नीट वाचावं. ठाणे-बोरिवलीचा दाखला चमकदार आहे, एवढंच म्हणतो.

तुमची प्रतिक्रिया मी काढलेली नाही, काढणारही नाही. ‘बटणं’वालं वाक्य मागे घ्या, मग पुढचं बोलू.