रॉदरहॅमचा अर्धाच अहवाल मुंबईत पोहोचतो

मी इंग्लंडमधल्या शेफील्डमध्ये राहते आणि रॉदरहॅम इथून जेमतेम वीस मिनिटांवर आहे. माझ्या मुंबईतल्या नातेवाइकांच्या आणि वर्गमित्रांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर या गावाचे नाव निघते ते एकाच संदर्भात: पाकिस्तानी वंशाच्या पुरुषांच्या टोळ्यांनी तिथल्या मुलींवर केलेले अत्याचार. ही माहिती खोटी नाही. प्राध्यापक ॲलेक्सिस जे यांच्या ऑगस्ट 2014 मधील अहवालानुसार 1997 ते 2013 या काळात तिथे किमान 1,400 मुलांचे लैंगिक शोषण झाले. बहुसंख्य गुन्हेगार आशियाई असल्याचे पीडितांनी सांगितले होते, आणि आपल्यावर वंशद्वेषाचा शिक्का बसेल या धास्तीने कौन्सिलचे काही कर्मचारी ते उघड बोलायला कचरत होते. मात्र त्याच अहवालाचा फार मोठा भाग गुन्हेगारांविषयी नसून स्थानिक कौन्सिलविषयी, म्हणजे आपल्याकडच्या महापालिकेसारख्या संस्थेविषयी आहे. तो भाग मुंबईपर्यंत पोहोचत नाही, आणि मुंबईला खरी गरज त्याचीच आहे असे मला वाटते.

त्या भागात जे लिहिले आहे ते वाचवत नाही. शोषणाचे स्वरूप स्पष्ट करणारे तीन अहवाल 2002, 2003 आणि 2006 मध्ये कौन्सिल आणि पोलिसांसमोर आले होते. पहिला दाबला गेला, पुढच्या दोन्हींवर काही झाले नाही. जोखमीत असलेल्या मुलींबरोबर प्रत्यक्ष काम करणाऱ्या युवा प्रकल्पातले कार्यकर्ते वर्षानुवर्षे सावध करत होते, पण त्यांचे म्हणणे अतिरंजित ठरवले जात होते, आणि शाळकरी वयाच्या मुलींकडे 'स्वतःच्या मर्जीने गेलेल्या' म्हणून पाहिले जात होते. अहवाल प्रसिद्ध झाला त्याच दिवशी कौन्सिलच्या नेत्याने राजीनामा दिला. फेब्रुवारी 2015 मध्ये सरकारने नेमलेल्या लुईस केसी यांच्या तपासणीने ही कौन्सिल आपले काम करण्यास लायक नाही असा निष्कर्ष काढला आणि सरकारने तिचे अधिकार काढून घेऊन आयुक्त नेमले.

तिथून पुढची गोष्ट संथ आहे आणि कदाचित म्हणूनच ती कोणी सांगत नाही. हंगामी कर्मचाऱ्यांच्या जागी कायम समाजसेवक आले, एका व्यक्तीकडे किती मुलांची प्रकरणे असावीत याकडे लक्ष दिले गेले, पोलीस, आरोग्य आणि समाजसेवा यांच्या लोकांनी आलेली माहिती एकत्र तपासायला सुरुवात केली. ऑफस्टेड या तपासणी यंत्रणेने 2014 मध्ये 'अपुरी' ठरवलेली तिथली बालसेवा 2018 च्या सुरुवातीला 'चांगली' या श्रेणीत आली, आणि अधिकार टप्प्याटप्प्याने लोकनियुक्त सदस्यांकडे परत गेले. जुन्या गुन्ह्यांचा तपास राष्ट्रीय गुन्हे यंत्रणेने 2014 मध्ये हाती घेतला आणि पुढे कित्येक वर्षे शिक्षा होत राहिल्या. पीडित मुलींचे, आता प्रौढ स्त्रियांचे, समाधान झाले आहे असा दावा कोणीही करू नये. सुधारणा झाली एवढे मात्र खरे, आणि ती प्रसिद्ध झालेल्या तपासणी अहवालांतून कोणालाही वाचता येते.

आता बदलापूर. ऑगस्ट 2024 मध्ये बालवाडीतल्या दोन मुलींवर शाळेतच, सफाई कर्मचाऱ्याकडून अत्याचार झाला. पालकांना तक्रार नोंदवण्यासाठी तासन्‌तास ताटकळावे लागले, 20 ऑगस्टला लोक रुळांवर उतरले, मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेऊन शाळेला आणि पोलिसांना फटकारले. 23 सप्टेंबरला आरोपी पोलिसांच्या गोळीने मरण पावला आणि काही ठिकाणी पेढे वाटले गेले. ग्रुपवरही 'न्याय झाला' असे संदेश आले. लोकांचा राग मला कळतो, मलाही तो येत होता. पण त्यानंतर चर्चा आटली. त्या माणसाची पार्श्वभूमी कोणी तपासली होती, लहान मुलींच्या स्वच्छतागृहाजवळ पुरुष कर्मचारी का होता, शाळेला कळल्यावर पहिला फोन कोणाला जायला हवा होता, हे प्रश्न शाळांत सीसीटीव्ही बसवण्याच्या आदेशाखाली दबून गेले.

इथे कायद्याची उणीव पुढे करता येणार नाही. 2012 च्या पोक्सो कायद्याच्या कलम 19 नुसार अत्याचाराची माहिती पोलिसांना देणे प्रत्येकाला बंधनकारक आहे, आणि कलम 21 नुसार ती न देणाऱ्या संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. इंग्लंडमध्ये असे बंधन घालावे, ही बाल लैंगिक शोषणाविषयीच्या राष्ट्रीय चौकशीची शिफारसच ऑक्टोबर 2022 मधली आहे. म्हणजे कागदावर आपण दहा वर्षे पुढे होतो. मागे आहोत ते तपासणीत. माझ्या मुलाच्या शाळेत मी व्यवस्थापन मंडळावर पालक-प्रतिनिधी आहे. तिथे बालसुरक्षेची जबाबदारी एका नेमलेल्या शिक्षिकेकडे आहे, तिचे नाव आणि छायाचित्र दारातच लावलेले आहे, आणि प्रत्येक नव्या कर्मचाऱ्याची पडताळणी झाल्याची नोंद आम्हाला पाहावी लागते, कारण तपासनीस आले की ती पहिल्यांदा मागतात. महाराष्ट्रात शाळाशाळांत मुलांच्या सुरक्षिततेसाठी 'सखी सावित्री' समित्या स्थापन करण्याचा शासन निर्णय 2022 चाच आहे. त्या कुठे आहेत आणि कुठे नाहीत, हे पालकाला कुठे वाचायला मिळते?

मुंबईत तर जबाबदारीच वाटली गेली आहे. पालिकेकडे शाळा आणि रुग्णालये, राज्याच्या महिला व बालविकास विभागाकडे बालगृहे, जिल्हाधिकाऱ्यांच्या अखत्यारीत बाल संरक्षण कक्ष, आणि निर्णयांसाठी बालकल्याण समिती. मूल एका दारातून दुसऱ्या दारात जाते आणि मध्येच निसटले तर कोणाला विचारायचे ते ठरलेले नाही. कुलाब्यातील अँकरेज निवाऱ्यांत रस्त्यावरच्या मुलांचे शोषण झाले, त्याची तक्रार 2001 मध्ये पुढे आली, आणि ते निवारे चालवणाऱ्या ब्रिटिश नागरिकांची शिक्षा सर्वोच्च न्यायालयात कायम झाली ती 2011 मध्ये. संकटातल्या मुलांसाठीची चाइल्डलाइनची 1098 ही दूरध्वनी सेवा 1996 मध्ये याच शहरात सुरू झाली होती. म्हणजे मुलांचे ऐकणारी माणसे मुंबईत होती. त्यांचे ऐकून बांधली जाईल अशी यंत्रणा नव्हती.

एक तुलना मला फार बोचते. रॉदरहॅममध्ये लोकनियुक्त सदस्यांचे अधिकार काढले गेले ते मुलांना वाचवता आले नाही म्हणून, आणि कोणत्या सुधारणेनंतर कोणता अधिकार परत मिळेल हे ठरवत ते परत दिले गेले. मुंबई महापालिका मार्च 2022 पासून कित्येक वर्षे प्रशासकाच्या हाती राहिली ती निवडणुका झाल्या नाहीत म्हणून. त्या काळात मुलांच्या सुरक्षिततेबाबत त्याने काय साध्य करावे, असे कोणतेही उद्दिष्ट त्याच्यापुढे नव्हते.

म्हणून माझी नगरसेवकांकडे मागणी छोटी आहे. पालिकेने निदान स्वतःच्या शाळांपासून सुरुवात करावी: प्रत्येक शाळेत बालसुरक्षेसाठी एक नेमलेली व्यक्ती, कंत्राटी कर्मचाऱ्यांसह सर्वांची पडताळणी, शाळेशी संबंध नसलेल्या लोकांकडून वर्षातून एकदा तपासणी, आणि त्या तपासणीचा अहवाल, मुलांची ओळख वगळून, मराठीत आणि विभाग कार्यालयात सहज मिळेल असा. पहिल्या वर्षीचे अहवाल वाईटच येतील. रॉदरहॅमचेही तसेच आले होते, आणि ते प्रसिद्ध झाले म्हणूनच पुढच्या वर्षी कोणाला जाब विचारायचा हे तिथल्या पालकांना ठाऊक होते.