द्राक्षांचा वास येतो म्हणालो

वाइनला द्राक्षांचा वास येतो, असं मी चारचौघांत म्हणालो आणि लोक हसले. वाइन द्राक्षांचीच होती. समोरच्या उतारावर ती द्राक्षं दिसतही होती. तरी हसले.

वायनरी छोटी, घरचीच. वडील ओतणार, मुलगा माहिती सांगणार, सून पेले विसळणार आणि कोपऱ्यातल्या खुर्चीवर आजी, सगळ्यांवर लक्ष ठेवायला. लांब टेबलावर मधोमध पिकदाणी. जाणकार लोक घोट तोंडात घोळवून थुंकतात, म्हणे. मी थुंकलो नाही, कारण आजी थेट माझ्याकडे बघत होत्या. कुणाच्या घरी जाऊन, त्यांनी वर्षभर राबून केलेली वस्तू त्यांच्या आजीदेखत थुंकायची, एवढं शिक्षण माझं झालेलं नाही.

"काय जाणवतंय?" वडिलांनी मलाच विचारलं, म्हणून मी द्राक्षांचं सांगितलं.

शेजारी गळ्यात रुमाल बांधलेले एक गृहस्थ होते. पहिले तेच हसले. मग बायकोकडे वळून, "ऐकलंस का? द्राक्षांचा म्हणे!" तिने ऐकलं होतं. मी तिच्या शेजारीच उभा होतो.

मग त्यांनी पेला दांडीला धरून फिरवायला घेतला. इतका वेळ फिरवला की आम्ही सगळे त्या वाइनकडे बघत उभे राहिलो. शेवटी नाक आत गेलं. चांगलं भुवयांपर्यंत गेलं.

"शिसपेन्सिल," आतूनच आवाज आला. "नुकतं टोक काढलेली."

आम्ही माना डोलावल्या.

"ओला पाचोळा. आणि... थांबा. खोगीर."

"खोगीर?" वडील म्हणाले.

"वापरलेलं."

"तुम्ही घोड्यावर बसता का?" मी विचारलं. खरंच कुतूहल होतं.

"नाही. का?"

या 'का'ला काय उत्तर द्यायचं, हे मला अजून सुचलेलं नाही.

गृहस्थांनी हे कौतुक म्हणून सांगितलं होतं. पण मुलाचा चेहरा उतरला. ब्रेटानोमायसिस नावाचं एक यीस्ट असतं. ते पिंपाच्या लाकडात शिरून बसलं की वाइनला चामड्याचा, घोड्याच्या तबेल्याचा वास यायला लागतो, आणि एकदा लाकडात मुरलेलं यीस्ट घासून, धुऊन सहसा जात नाही. थोडा वास असला तर काही शौकीन खूश होतात, पण वाइन करणाऱ्याची झोप उडते.

"मी सांगत होतो बाबा, ते कोपऱ्यातलं पिंप काढा."

"तुझ्या जन्माआधीपासून आहे ते पिंप."

"म्हणूनच!"

असलं पिंप साधारण २२५ लिटरचं असतं, म्हणजे तीनशे बाटल्या. बापलेकाचं भांडण तीनशे बाटल्यांचं होतं आणि ते लावून देणारे गृहस्थ पुढच्या पेल्यात नाक घालून "आहा, जवस" म्हणत होते. सुनेने न बोलता आणखी एक पेला विसळला. आजींनी मात्र तोंड उघडलं. "वाइन चांगली आहे," त्या म्हणाल्या, "प्या आणि गप्प बसा." त्या दुपारचं एकमेव शहाणं वाक्य.

घरी आल्यावर मी वाचायला बसलो. सूडबुद्धीनेच. १९८०च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस इथल्या विद्यापीठात अ‍ॅन नोबल यांनी वाइनच्या वासांचं एक चक्र, म्हणजे वासांच्या नावांचा गोल तक्ता, तयार केलं. त्यात ओला कुत्रासुद्धा आहे. म्हणजे ओला कुत्रा चालतो. रीसलिंग नावाच्या पांढऱ्या वाइनला ती जुनी झाली की चक्क पेट्रोलचा वास येतो आणि लोक तो मिटक्या मारत सांगतात. आणि मस्कॅट जातीच्या द्राक्षांच्या वाइनला द्राक्षांचाच वास येतो! माझ्या पेल्यात मस्कॅट नव्हती हे मान्य, पण हसण्यासारखं त्यात काय होतं?

सगळ्यात आवडला तो फ्रान्समधल्या बोर्दोचा प्रयोग. २००१ साली तो प्रसिद्ध झाला. वाइनशास्त्र शिकणाऱ्या ५४ विद्यार्थ्यांना पांढरी वाइन वास नसलेल्या रंगाने लाल करून दिली. त्यांनी तिचं वर्णन लाल वाइनचे शब्द वापरून केलं. शिकलेली नाकं डोळ्यांचं ऐकतात, आणि हसायचं मला!

पण खरा त्रास त्याआधीच, वायनरीतून निघताना झाला होता. मोठ्या वायनरीत पगारी माणूस ओततो. त्याला "बघतो, विचार करतो" म्हणून सटकता येतं. इथे काढता पाय घ्यायला गेलं की वेली लावणारे वडील, पिंपावरून रुसलेला मुलगा, ओले हात पुसणारी सून असं अख्खं कुटुंब रांगेत उभं. वर आजी. चाखायला बोलावतात आणि मग नुसतं चाखून जाणारा माणूस चोर ठरतो. यात पाहुणचार कुठला? मी तीन बाटल्या घेतल्या. त्यातली एक खोगिराची, कारण ती कुणीच घेत नव्हतं आणि मुलगा खाली मान घालून उभा होता.

रुमालवाल्या गृहस्थांनी सगळ्यांशी हात मिळवला, "अजून दोन वर्षं थांबा, मग बघा कशी उघडते," असा वडिलांना सल्ला दिला आणि काहीही न घेता गाडीत जाऊन बसले.