पिस्टन मागे जात नाही? मग जोर लावा की!

मागच्या चाकांचे ब्रेक पॅड घरच्या घरी बदलायला घेतलेत, फार छान. पुढचे बदलताना सी-क्लॅम्प लावला, आवळला आणि पॅडला डिस्कवर दाबणारा पिस्टन मुकाट आत गेला. म्हणजे मागचाही जाणारच. गाडी तीच, हात तेच. मागच्या कॅलिपरच्या, म्हणजे पिस्टन आणि पॅड धरणाऱ्या चिमट्याच्या, पोटात हँडब्रेकची यंत्रणा असते वगैरे चौकशा रिकामटेकड्यांनी कराव्यात.

श्रीगणेशा हँडब्रेक ओढून करा. पुढच्या चाकांना दगड लावून हँडब्रेक सोडून ठेवायचा, ही भित्र्यांची रीत. ओढलेला असला की आतून स्क्रू पिस्टनला बाहेर रेटतो आणि बाहेरून तुम्ही आत. सामना बरोबरीचा हवा.

आता क्लॅम्प आवळा. पिस्टन हलत नाही? क्लॅम्पच्या टॉमीला (आवळायच्या आडव्या दांडीला) पाइप लावून दांडा लांब करा आणि पुन्हा आवळा. पिस्टनच्या तोंडावर दोन किंवा चार खाचा दिसतील, तिकडे लक्ष देऊ नका, नक्षी आहे ती! काही शहाणे सांगतील की हा पिस्टन आतल्या आट्यांवर बसलेला असतो, म्हणून खाचांत बसणारं टूल लावून तो दाबत दाबत फिरवायचा. एरवी बरणीचं आट्यांचं झाकण तुम्हीही फिरवूनच लावता, पण ती बरणी झाली. शिवाय बहुतेक गाड्यांत तो घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरतो, तर काहींत एका बाजूचा उलटा. म्हणजे सर्व्हिस मॅन्युअल उघडणं आलं. त्यापेक्षा आतल्या आट्या तुटल्या तर नवा कॅलिपर येतो, आणि नव्याचा पिस्टन कसा लोण्यासारखा फिरतो!

हँडब्रेकच्या दांड्याऐवजी बटण असेल तर सोन्याहून पिवळं. तिथे कॅलिपरवर मोटर असते. गाडीच्या कॉम्प्युटरला स्कॅनर लावून किंवा कंपनीने ठरवलेल्या पद्धतीने ब्रेक सर्व्हिस मोडमध्ये न्यायचा, मोटर आतला स्क्रू मागे घेते आणि मग बहुतेक गाड्यांत पिस्टन न फिरवता सरळ आत जातो. सरळच दाबायचा आहे ना? मग स्कॅनर कशाला? मोटरचे दात काय, आज ना उद्या पडायचेच.

पॅड झिजले तशी ब्रेक ऑइलची पातळी उतरली होती आणि तुम्ही ती हौसेने काठोकाठ भरली होती, आठवतंय? पिस्टन आत सरकला की ते ऑइल उलटं टाकीत येतं. झाकण उघडून, थोडं ऑइल काढून घेऊन ही गंमत घालवू नका. ते बाहेर ओघळू द्या. डॉट ३ आणि डॉट ४ ऑइल रंग खातं. बॉनेटखाली ठिकठिकाणी पत्रा उघडा पडला की गाडीला अनुभवी रूप येतं.

या सगळ्या खटाटोपात कॅलिपर ब्रेकच्या नळीला लोंबकळत ठेवा. तारेने वर बांधणं दिसायला वाईट. पिस्टनभोवतीचं धुळीचं रबर पीळ बसून फाटलं तर आनंदच माना, त्या वाटेने पाणी आत जाईल, गंज चढेल आणि पुढच्या वेळी पिस्टन याहून कडवा भेटेल. कॅलिपर ज्यांवर सरकतो त्या गाईड पिन जाम आहेत का, हे बघायच्या फंदात पडू नकाच. बघावंसं वाटलंच तर साधं पेट्रोलियम ग्रीस थापा, रबर मस्त फुगतं.

अखेर पिस्टन आत गेला (जातो, हातोड्यापुढे कोण टिकलंय). काही पॅडच्या पाठीवर एक छोटा उंचवटा असतो, तो पिस्टनच्या खाचेत बसवायचा असतो. नाही बसला तर बोल्ट जोरात आवळा. पॅड तिरका बसून एकाच बाजूने झिजेल, पण झिजेल तर खरा.

राहता राहिलं पेडल. पिस्टन मागे गेल्यामुळे पहिल्यांदा दाबलं की ते थेट तळाला जातं, म्हणून जागेवरच चार-सहा वेळा दाबून ते कडक करून घेतात. तुम्ही मात्र थेट गिअर टाका आणि ब्रेक लागतो की नाही ते समोरच्या भिंतीलाच विचारा. पुढे कुणी चौकशी केलीच, तर पॅडच निकृष्ट निघाले म्हणून ठोकून द्या.