झुडपं कापून पैनगंगेचा पूर थांबत नाही

यवतमाळ-चंद्रपूरच्या सीमेवरच्या वणी-कोरपना पट्ट्यातल्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. म्हणे पैनगंगेतले चुनखडीचे खडक नापीक, चुन्यानं तिथं मुळं जळतात. त्यावरची झुडपं म्हणजे तण, आणि पूर त्यांच्यामुळेच चढतो. तेव्हा जेसीबी लावून पात्र साफ करा अन् वड-पिंपळ लावा.

आधी चुन्याचं. जाळतो तो कळीचा चुना, आणि त्यासाठी दगड भट्टीत ९०० अंशांच्या आसपास भाजावा लागतो. नदीतला दगड कच्चा आहे. पावसाच्या किंचित आंबट पाण्यात तो सावकाश विरघळतो, त्याला भेगा-खळगे पडतात आणि त्यांत गाळ धरून राहतो. चुनखडीच्या वावरात संत्र्याची पानं पिवळी पडतात हे खरं, कारण झाडाला लोह मिळत नाही. पण तो नियम सगळ्याच झाडांना लागत नाही.

आता तण. ऐन धारेतल्या भेगांमध्ये शेरणी असते, शास्त्रीय नाव होमोनोया रिपारिया. अरुंद पानं, चिवट फांद्या, दगडात रुतलेली मुळं. पुरात ती आडवी होते, पाणी ओसरलं की पुन्हा उभी. अशा झाडांना वनस्पतिशास्त्रात रिओफाइट म्हणतात. दगडाआड वाळू साचते तिथं झाऊ, गाळाच्या पट्ट्यात काशीचं गवत, जरा वर निर्गुडी, मग करंज आणि काठाला अर्जुन. ही उतरंड पूरच राखतो: दरवर्षी तो गाळ आणि कोवळी रोपं खरवडून नेतो, म्हणून मोठी झाडं खाली सरकत नाहीत आणि शेरणीला भरपूर ऊन मिळतं. ही झुडपं काळ्या पाषाणावरही वाढतात. चुनखडीच हवी असा त्यांचा हट्ट नाही. भेग हवी आणि धार हवी.

वड-पिंपळ पूररेषेच्या वर खुशाल लावा. पात्रात लावलेली रोपं पहिल्याच पुरात जातील.

राहिला पूर. जुलै २०२२ मध्ये, पैनगंगा जिला मिळते त्या वर्धा नदीच्या पुरानं चंद्रपूर जिल्ह्यात हाहाकार केला, तो अतिवृष्टीनं आणि वरच्या धरणांतून सोडलेल्या पाण्यानं. आडव्या पडणाऱ्या झुडपांनी एवढं पाणी चढत नाही. पुलाच्या मोरीत माजलेली बेशरम नावाची झुडपी वनस्पती मात्र अडथळा करते, ती काढायलाच हवी. मेसेजवाल्यानं शेरणी आणि बेशरम एकाच मापानं मोजली, माझा खरा राग त्यावर आहे. बेशरम अमेरिका खंडातून आलेली, आणि तिच्या तुटलेल्या कांडीलाही मुळं फुटतात. जेसीबी फिरवला तर शेरणी उपटली जाईल अन् बेशरमीचे तुकडे खालच्या गावांपर्यंत वाहत जाऊन रुजतील. काढायचीच तर उन्हाळ्यात मुळासकट उपटा, पात्राबाहेर नेऊन पूर्ण वाळवा, मगच जाळा.