रॅक थ्रीच घ्या, बाकीचं मी बघतो

पोराच्या पियानो कॉन्सर्टो स्पर्धेचा (कॉन्सर्टो म्हणजे एकटा पियानो आणि सोबत अख्खा ऑर्केस्ट्रा असा मोठा पीस) फॉर्म आला ना, की आधी एक काम करा, आपल्याला काय वाजवता येतं हा विचार डोक्यातनं काढून टाका. तसा विचार करणारी पोरं हायडनचा सोपासा डी मेजर कॉन्सर्टो वाजवतात, टाळ्या घेतात आणि रात्री गाढ झोपतात, आपल्याला थोडंच तसं करायचंय. आपल्याला रॅकमनिनॉफचा तिसरा कॉन्सर्टो वाजवायचाय. आणि हो, असं पूर्ण नाव घ्यायचं नाही, नवखे वाटाल, 'रॅक थ्री' म्हणायचं आणि म्हणताना जरा दमल्यासारखं दिसायचं.

1909 चा कॉन्सर्टो, चाळीसेक मिनिटांचा. ज्या योझेफ हॉफमनला तो अर्पण केलाय त्याने तो जन्मात कधी वाजवला नाही, पण त्याचं काय घेऊन बसलात, तो नुसता त्या काळातला थोर पियानिस्ट, तुमच्याकडे यूट्यूब आहे. स्वतः रॅकमनिनॉफ अमेरिकेला येताना बोटीवर आवाज न येणाऱ्या कीबोर्डवर प्रॅक्टिस करत आला. (ही आयडिया मात्र खरंच घ्या, शेजारी दुवा देतील.) आणि 2022 ला टेक्ससमध्ये यंचान लिम हा कोरियन पोरगा 18 व्या वर्षी हाच वाजवून क्लायबर्न ही पियानोची मोठी स्पर्धा जिंकला की, तुमचं पोर आत्ता सोळाचं, म्हणजे चांगली दोन वर्षं हातात आहेत.

पहिल्या मूव्हमेंटला, म्हणजे पहिल्या भागाला, कडेन्झा (ऑर्केस्ट्रा गप्प आणि पियानो एकटाच कसरत दाखवतो तो तुकडा) दोन आहेत, एक हलका एक जड, त्यातला एक निवडायचा. जडच घ्यायचा. खुद्द रॅकमनिनॉफने रेकॉर्डिंगमध्ये हलका वाजवलाय, पण त्याला कुठे कुणाला इम्प्रेस करायचं होतं. तसंही बऱ्याच ठिकाणी ज्युरी मध्येच 'थँक यू' म्हणून थांबवते, कडेन्झापर्यंत पोचालच असं नाही, पण फॉर्मवर दिसतं ना.

मोत्झार्ट चुकूनही नको. त्यात स्वर कमी, लपायला जागाच नाही. रॅकमध्ये पन्नास स्वर खाल्ले तरी पेडलच्या धुरळ्यात खपून जातं, मोत्झार्टच्या डी मायनर कॉन्सर्टोमध्ये एक चुकला तर मागच्या रांगेत पेंगणारी आजी पण मान वर करते. त्याचा स्वतःचा कडेन्झा त्यात शिल्लक नाही म्हणून बरेच जण बीथोवनने लिहिलेला वाजवतात, म्हणजे एका कॉन्सर्टोत दोन-दोन देव सांभाळा. आणि बीथोवनचा चौथा तर मुळीच नाही! पियानो एकटाच, हळू आवाजात पाच बार (आपल्याकडची पाच आवर्तनं समजा) वाजवतो आणि गप्प बसतो, त्या पाच बारमध्ये ज्युरीला तुमचं सगळं कळून चुकतं, पुढचा अर्धा तास नुसती फॉर्मॅलिटी. असला पीस घेण्यात काय अर्थ आहे.

चायकोव्स्कीचा पहिला चालेल. ती सुरुवातीची फेमस धून काही मिनिटांत संपते आणि परत येतच नाही, पण तोवर बाबांचा व्हिडिओ काढून झालेला असतो. टीचर 'अजून दोन वर्षं थांब' म्हणाल्या तर त्यांना सांगा, 1874 च्या डिसेंबरमध्ये निकोलाय रुबिन्स्टाइन या बड्या पियानिस्टने पण या कॉन्सर्टोला वाजवण्याच्या लायकीचा नाही म्हणून झोडपलं होतं, चायकोव्स्की एक स्वर बदलायला तयार झाला नाही, आणि पुढच्या वर्षी हान्स फॉन ब्यूलो या दुसऱ्या पियानिस्टने तो बोस्टनला वाजवून दाखवला. नंतर चायकोव्स्कीने गुपचूप बरेच बदल केले, तेवढं सांगू नका.

अगदीच काही पटत नसेल तर प्रोकोफिएवसारखं करा. 1914 ला कॉन्झर्व्हेटरीच्या, म्हणजे त्याच्या संगीत कॉलेजच्या, स्पर्धेत क्लासिकल कॉन्सर्टो अपेक्षित असताना पठ्ठ्याने स्वतःचाच पहिला वाजवला, त्याच्या छापील प्रती परीक्षकांच्या मांडीवर ठेवल्या आणि बक्षिसाचा ग्रँड पियानो घरी नेला. यासाठी आधी स्वतः कॉन्सर्टो लिहावा लागतो, पण बारावीनंतरच्या सुट्टीत होऊन जाईल.

ऑर्केस्ट्राचा विचार कशाला करताय? इथे अमेरिकेत पोरांच्या स्पर्धांना बहुतेक वेळा ऑर्केस्ट्रा नसतोच, दुसरा पियानो असतो आणि त्यावर माझ्यासारखा कुणीतरी ऐंशी जणांचं काम दहा बोटांनी करत असतो. त्यामुळे पीस फायनल केल्याचं मला सगळ्यात शेवटी कळवा, व्हॉट्सॅपवर, रात्री साडेअकराला. रिहर्सल एकच ठेवा, ती पण आदल्या दिवशी, आणि टेम्पो तिथेच ठरवू, नाहीतर स्टेजवरच ठरवू. तुम्ही अर्धं पान गाळून पुढे उडी मारलीत की मी धावत मागून येतोच, हॉफमनला नसेल जमलं, मला जमतं.

आणि मन मोठं करायचं असेल तर बुसोनीचा कॉन्सर्टो का नाही घेत? 1904 चा, सत्तर मिनिटं, पाच मूव्हमेंट, शेवटच्याला पुरुषांचा कोरस लागतो. तोही मीच गाईन, गणपतीत दहा दिवस आरत्या म्हणून घसा तयारच आहे, पैसे तेवढेच द्या.