अठराव्या वर्षी दिसलेला मुलगा

डिसेंबरात कोल्हापूरहून चुलतभावाने एक व्हिडिओ पाठवला. वानखेडे स्टेडियम, १४ डिसेंबर २०२५. मेस्सी मैदानात, बरोबर त्याचे संघसोबती सुआरेझ आणि डी पॉल, आणि भोवती महाराष्ट्र सरकारच्या 'महादेवा' या फुटबॉल योजनेत निवडलेली मुलंमुली. पोरांचे चेहरे असे की बघताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं. व्हिडिओखाली भावाने एकच ओळ लिहिली होती : "दादा, तुमच्या म्युनिकात पोरं कशी निवडतात?"

त्याचा मुलगा तेरा पूर्ण करून चौदाव्यात गेलाय. पेठेतल्या तालमीच्या पोरांबरोबर खेळतो, डाव्या पायाने बरा मारतो, अंगाने मात्र काडी आहे. भावाने पुढं विचारलं नाही, पण मला खालचा प्रश्न ऐकू आला : आता वय उलटलं का?

त्या आठवड्यात आमच्या ग्रुपवर जोरात वाद सुरू होता. एकाचं म्हणणं, मेस्सीला आणण्यात उधळलेल्या पैशात किती मैदानं झाली असती. दुसऱ्याचं, निदान कुणीतरी फुटबॉलकडे बघतंय, आधीच नावं का ठेवता? ऑक्टोबरात मडगावला सिंगापूरकडून हरून आशियाई चषकाची वाट बंद झालेली, नोव्हेंबरात ढाक्यात बांगलादेशकडून १-० हार. त्यामुळे सगळेच चिडलेले. मला दोन्ही बाजू पटतात. तेरा वर्षांखालची ६० मुलंमुली निवडून त्यांना ५ वर्षं सांभाळायचं, ही योजना चांगलीच आहे. त्या साठांबद्दल मला काही म्हणायचं नाही. मला बोलायचंय ते एकसष्टाव्याबद्दल. म्हणून भावाला उत्तर देताना मी जर्मनीची पद्धत सांगण्याआधी कोलंबियाचा फुटबॉलपटू लुईस दियाझ याची गोष्ट सांगितली.

दियाझ जुलै २०२५मध्ये लिव्हरपूलहून आमच्या म्युनिकच्या बायर्न क्लबात आला. वय २८, पाठीवर १४ नंबर. पहिल्या महिन्यातच जर्मन सुपर कपच्या सामन्यात गोल, मग लीगच्या पहिल्या सामन्यात लाइपझिगला ६-० हरवलं त्यात एक. नोव्हेंबरात पॅरिसमध्ये एकाच हाफमध्ये दोन गोल केले आणि समोरच्या संघातल्या हकीमीवर वाईट टॅकल करून मध्यंतराआधी लाल कार्ड घेऊन बाहेरही गेला. असा खेळाडू आहे तो. डावीकडून आत कापून धावायला लागला की शेजारच्या खुर्चीवरचे म्हातारे जर्मन गृहस्थसुद्धा उभे राहतात.

त्याचं गाव बारांकास. कोलंबियाच्या उत्तर टोकाला ला ग्वाहिरा नावाचा कोरडा, वाऱ्याचा प्रदेश आहे, तिथे. जवळच सेर्रेहोन ही अवाढव्य उघडी कोळसा खाण. चंद्रपूरच्या वाचकाला वेगळं काही सांगायला नको. कोळसा रेल्वेने बंदरावर जातो आणि खाणीभोवतीच्या वस्त्यांना प्यायचं पाणी मिळत नाही. दियाझ वायू या आदिवासी समाजाचा. या समाजातली मुलं कुपोषणाने दगावतात म्हणून तिथल्या घटनात्मक न्यायालयाला २०१७मध्ये सरकारला फटकारावं लागलं. मेळघाट आणि नंदुरबारच्या बातम्या वाचत मोठे झालेल्या आपल्याला हे सगळं ओळखीचं आहे.

वडील गावात पोरांना फुटबॉल शिकवायचे. लुईसही तिथेच शिकला. तेराव्या वर्षी कुठल्या अकादमीने त्याला उचललं नाही. पंधराव्याही नाही. २०१५मध्ये चिलीत दक्षिण अमेरिकेतल्या आदिवासी संघांची स्पर्धा भरली, तिच्यासाठी कोलंबियाने आपल्या आदिवासी समाजांतून मुलं गोळा केली. तेव्हा हा अठरा वर्षांचा, नुसती हाडं. त्या संघाशी कोलंबियाचा जुना नामवंत खेळाडू कार्लोस वाल्देरामा जोडलेला होता, तोच सोनेरी कुरळ्या केसांचा. पोरगं तिथे नजरेत भरलं आणि मग बार्रांकिया एफसी या दुसऱ्या श्रेणीतल्या क्लबात गेलं. हुनिओर या मोठ्या क्लबाला खेळाडू पुरवणारा हा धाकटा क्लब. त्यांनी पहिलं काम काय केलं, तर त्याला खायला घातलं. वजन वाढवण्यासाठी वेगळा आहार लावला. मग २०१७मध्ये हुनिओर, २०१९मध्ये पोर्तुगालचा पोर्तो, २०२१च्या कोपा अमेरिका या दक्षिण अमेरिकेच्या स्पर्धेत मेस्सीइतकेच ४ गोल, जानेवारी २०२२मध्ये लिव्हरपूल, २०२५मध्ये प्रीमियर लीगचं विजेतेपद, आणि आता म्युनिक.

आता हाच मुलगा नंदुरबारच्या धडगावात जन्मला असता तर? तेराव्या वर्षी चाचणी कधी झाली हे त्याला कळलंच नसतं, आणि कळलं असतं तरी त्या हाडांकडे बघून कुणी घेतलं नसतं. अठराव्या वर्षी तो ऊसतोडीला किंवा बांधकामावर गेलेला असता. आपल्याकडे अठराव्या वर्षी खेळाडू शोधणारा माणूसच नाही. खरी अडचण इथे आहे. 'दीडशे कोटींत अकरा मिळत नाहीत' हे वाक्य मी लहानपणापासून ऐकतो. मिळत नाहीत, कारण आपण एकदाच आणि लवकर बघतो. नंतर त्या पोराकडे कुणी मान वळवत नाही.

जर्मनीत निवड होत नाही असं नाही. मोठ्या क्लबांच्या अकादम्या आहेत आणि त्या निर्दयपणे पोरं गाळतात. पण गाळलेल्या पोराचं काय होतं ते बघा. माझा मुलगा आठ वर्षांचा आहे, वस्तीतल्या छोट्या क्लबात खेळतो. शनिवारी सकाळी नऊला, गवतावर दंव असतानाच, आम्ही पालक चार छोटे गोल मांडतो. तीन विरुद्ध तीन, गोलकीपर नाही, गुणतक्ता नाही. या वयोगटासाठी जर्मन महासंघाने २०२४-२५पासून हीच पद्धत सगळीकडे लावली, कारण मोठ्या मैदानावर दोन दांडगी पोरं चेंडू ताब्यात ठेवायची आणि बाकीची थंडीत उभी राहायची. तीन जणांत उभं राहायला जागाच नसते. काडीसारख्या पोरालाही दर मिनिटाला चेंडू लागतो. एका आईकडे चहाची किटली, एका बापाकडे जर्सी धुवायची पाळी. प्रशिक्षक आहेत ते आठवडाभर बस चालवतात.

हाच क्लब गाळलेल्या मुलाला नवव्या वर्षी घेतो, चौदाव्या वर्षी घेतो आणि अठराव्या वर्षीही घेतो. प्रत्येक वयाची टीम, प्रत्येक टीमला लीग, प्रत्येक सामन्याला पंच. असे २४ हजारांच्या आसपास क्लब आहेत देशात. जर्मनीचा मिरोस्लाव्ह क्लोसे विसाव्या वर्षापर्यंत गावच्या संघातून सातव्या श्रेणीत खेळत होता आणि सुतारकाम शिकत होता. पुढे विश्वचषकात त्याचे १६ गोल झाले, २०१४मध्ये पुरुषांतला तो विक्रम होता. त्याला शोधायला कुणी योजना काढली नव्हती. तो खेळत राहील एवढी सोय होती, बस्स.

आणि आपल्याकडे हे नवं नाही, म्हणून तर मला इतकं वाटतं. कोल्हापुरात तालमींचे संघ आहेत, पेठापेठांची ईर्ष्या आहे, हंगामात शाहू स्टेडियम भरतं. वर्ल्ड कप आला की अर्धी गल्ली अर्जेंटिना आणि अर्धी ब्राझील होते. २०१७च्या सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात आपला अनिकेत जाधव भारताच्या संघात होता. त्याच स्पर्धेत, ९ ऑक्टोबरला दिल्लीत, भारत कोलंबियाकडून फक्त २-१ हरला. जिक्सन सिंगने हेडर मारून बरोबरी केली होती तेव्हा मी इथल्या ऑफिसात ओरडलो होतो. सतराव्या वर्षी फरक एका गोलाचा होता. पुढच्या आठ वर्षांत तो एवढा का वाढला, याचं उत्तर सतरा ते तेवीस या वयात आहे. त्या वयात कोलंबियाच्या पोरांना खालची श्रेणी होती, मधली होती, वरची होती.

दियाझची दुसरी गोष्ट मी भावाला सांगितली नाही, इथे सांगतो. २८ ऑक्टोबर २०२३ला बारांकासमध्ये त्याच्या आईवडिलांना बंदूकधाऱ्यांनी पळवलं. आई काही तासांत सापडली. वडील ईएलएन या गनिमी संघटनेच्या ताब्यात राहिले. मुलगा लिव्हरपूलमध्ये. ५ नोव्हेंबरला ल्युटन या क्लबाविरुद्ध तो शेवटची काही मिनिटं बदली म्हणून उतरला, जादा वेळेत हेडर मारून बरोबरी केली आणि जर्सी वर केली. आतल्या बनियनवर लिहिलं होतं : 'लिबेर्ताद पारा पापा', बाबांना सोडा. ९ नोव्हेंबरला वडील सुटले. आठवड्याभराने बार्रांकियात कोलंबियाने ब्राझीलला २-१ हरवलं, दोन्ही गोल दियाझचे, चार मिनिटांत, दोन्ही डोक्याने. कॅमेरा स्टँडमध्ये वळला तेव्हा वडील उभेही राहू शकत नव्हते, आजूबाजूच्यांनी धरलं होतं.

ज्याचे आईबाप सातासमुद्रापलीकडे एकटे आहेत, त्याला ते बारा दिवस वेगळे समजतात. रात्री तीनला वाजलेला फोन म्हणजे काय, हे मला माहीत आहे. पण त्या चित्रात मी आणखी एक गोष्ट बघतो. ज्याला धरून ठेवलं होतं तो गावातल्या पोरांचा मास्तर होता. वाल्देरामाच्या आधी, पोर्तोच्या आधी, त्या हाडकुळ्या मुलाला रोज मैदानावर नेणारा माणूस तो.

अशा माणसासाठी फिफाच्या नियमांत एक सोय आहे आणि ती आपल्याकडे फार थोड्यांना ठाऊक आहे. खेळाडू करार चालू असताना परदेशी क्लबाला विकला गेला की रकमेतले ५ टक्के, त्याला १२ ते २३ या वयात घडवणाऱ्या क्लबांमध्ये वाटायचे असतात. बाराव्या ते पंधराव्या वर्षासाठी दरवर्षी पाव टक्का, सोळाव्यापासून अर्धा. बायर्नने दियाझसाठी बातम्यांनुसार साडेसात कोटी युरो मोजले. त्याचा अर्धा टक्का म्हणजे पावणेचार लाख युरो, आपले जवळपास चार कोटी रुपये. घडवल्याच्या एका वर्षाचे! एवढ्या पैशात एखाद्या तालमीचं मैदान आणि दहा वर्षांचा कोच होतो. अट एकच, मुलगा त्या वर्षी त्या क्लबाकडे कागदोपत्री नोंदलेला हवा. पेठेतली किती तरी पोरं वर्षानुवर्षं नुसती खेळतात, कागदावर ती कुठेच नसतात.

म्हणून 'महादेवा'वाल्यांना माझी कळकळीची विनंती आहे. साठ जणांना जपाच, पण त्याच पैशातला थोडा भाग सोळा ते एकोणीस या वयाच्या जिल्हा लीगला द्या. दर जिल्ह्यात, दरवर्षी, गडचिरोली-पालघरसकट. आणि ती बघायला माणूस पाठवा.

भावाला मी रात्री फोन केला. म्हटलं, "वय उलटलेलं नाही. त्याला रोज दोन अंडी दे, खेळू दे. आणि उद्या तालमीत जाऊन विचार, यंदा त्याची नोंदणी झाली का."

"नोंदणी म्हणजे काय करायचं असतं रं दादा?" त्याने विचारलं. मग मी त्याला वही-पेन घ्यायला सांगितलं.